पंधरा मिनिटं पुरवायची कशी: चाच्यांच्या पट्ट्यातून जाणाऱ्या पोरांसाठी

चाच्यांची होडी नजरेला पडल्यापासून त्यांचा पहिला माणूस डेकवर पाय टाकेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं मिळतात. कधी त्याहूनही कमी. तेवढ्या वेळात रंकाळ्याला अर्धी फेरीसुद्धा होत नाही. जहाज वाचायचं असेल तर ही पंधरा मिनिटं ताणून तासभर करायची, आणि त्या तासाचे दहा तास. पुढं मी जे जे सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

नौदलात मी पंधरा वर्षं काढली. 2009 साली आमची युद्धनौका एडनच्या आखातात व्यापारी जहाजांच्या सोबतीला होती. पेन्शन घेऊन बाहेर पडल्यावर मर्चंट नेव्हीत ए.बी., म्हणजे डेकवरचा कुशल खलाशी, म्हणून लागलो, शेवटची सहा वर्षं बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, होतो. म्हणजे चाच्यांना मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय, तोफेमागं उभं राहून आणि हातात नुसता फायर होज धरूनही. आता कोल्हापुरात घरीच असतो. कागल, गडहिंग्लज, चंदगडकडची पोरं जहाजावर जायच्या आधी भेटायला येतात. गेल्या महिन्यात गडहिंग्लजचा एक जण आईलाच घेऊन आला. ती माउली म्हणाली, "मामा, ह्याला काय करायचं ते नीट सांगा, आमाला त्यातलं काय कळत न्हाई." त्या दिवशी जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितोय.

सही करण्याआधी

एजंटाचा आर.पी.एस.एल., म्हणजे खलाशी भरती करायचा, परवाना नौवहन महानिदेशालयाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. माझ्या भाच्याला एका एजंटानं तीन लाख घेऊन ज्या जहाजावर चढवलं, त्याचा फायर पंपच बंद होता. असल्या जहाजाचा मालक काटेरी तारेवर पैसे घालेल का?

करारात दोन गोष्टी बघा. एक, जहाज धोक्याच्या पट्ट्यात जाणार असेल तर नकार देऊन कंपनीच्या खर्चानं घरी परतायचा हक्क आहे का, आणि गेलात तर जादा पगार किती. युनियनचा करार असलेल्या जहाजांवर हे स्पष्ट लिहिलेलं असतं. दोन, ओलीस पडलात तर पगार चालू राहणार का. 2020 च्या डिसेंबरपासून आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराच्या दुरुस्तीनं तो हक्कच दिला आहे: चाच्यांच्या ताब्यात असेपर्यंत पगार थांबवता येत नाही. हे घरच्यांनाही सांगून ठेवा, कारण तशी वेळ आली तर कंपनीच्या दारात जाऊन त्यांनाच विचारावं लागणार.

पट्टा लागायच्या आधीचे तीन दिवस

खरी लढाई या तीन दिवसांत होते. होडी दिसल्यावर करण्यासारखं फार थोडं उरतं.

दाजीपूरच्या बाजूला गव्यांसाठी शेताला कुंपण घालतात. गवा मनावर घेईल तर कुंपण मोडेलच, पण सहसा तो शेजारच्या उघड्या शेतात शिरतो. चाचेही तसेच. त्यांच्याकडं एक-दोन स्कीफ (वेगवान छोट्या होड्या), हुक लावलेली हलकी शिडी आणि मोजकं पेट्रोल असतं. चढायला अवघड दिसलं की ते दुसरं जहाज बघतात. म्हणून आपलं जहाज लांबून, दुर्बिणीतूनच, अवघड दिसलं पाहिजे.

रेझर वायर लावताना बहुतेक पोरं ती रेलिंगच्या आतल्या बाजूला गुंडाळतात. ते चूक. वेटोळी रेलिंगच्या बाहेर झुकलेली हवीत, म्हणजे शिडीचा हुक अडकवायला रेलिंगच सापडत नाही. शक्यतो दोन पदर लावा, मधे मधे आतून तारेनं घट्ट बांधा, नाहीतर एका आकड्यानं ओढून सगळं समुद्रात जातं. हात कोपरापर्यंत झाका. मागचा भाग, म्हणजे पूपडेक, आणि दोन्ही बाजूंना जिथं डेक पाण्याला सगळ्यात जवळ असतं ती जागा पहिल्यांदा करा. चाचे तिथूनच चढतात. माल भरलेलं जहाज खाली बसलेलं असतं. पाण्यापासून डेकची उंची आठ मीटरपेक्षा जास्त असेल तर शिडी लावणं फार कठीण होतं, आणि वेग अठरा नॉटच्या वर असेल तर चढता आल्याची नोंद नाही. पण आपली पोरं ज्या बल्क कॅरियरवर जातात ती बारा-तेरा नॉटनं चालतात. त्यांना तारच वाचवते.

फायर होज बाहेरच्या बाजूला रोखून पक्के बांधून ठेवा, हातात धरायचे नाहीत. पंप चालू केला की पाण्याची भिंत उभी राहिली पाहिजे. लहान होडीत ते पाणी भरायला लागलं की इंजिनवाल्याचं लक्ष आधी होडी उपसण्याकडं जातं. जुन्या बॉयलर सूटमध्ये चिंध्या भरून बुजगावणी करा आणि कडेला पहाऱ्यावर असल्यासारखी उभी करा. शेतकऱ्याच्या पोराला हे शिकवावं लागत नाही. रोज त्यांची जागा मात्र बदला.

डेकवर पडलेली अवजारं, पहारी, दोर, गॅसचे सिलिंडर सगळं आत न्या. आपलीच पहार चाचे आपल्या दारावर चालवतात. बाहेरून वर जाणाऱ्या शिड्या काढा किंवा बंद करा. आत यायला एकच दार ठेवा आणि ते कोणतं ते सगळ्यांना माहीत हवं.

दारांबद्दल एक सांगतो. आमच्या एका जहाजावर उद्यमनगरात वेल्डिंग शिकलेला फिटर होता. सिटाडेलच्या, म्हणजे आत कोंडून घ्यायच्या खोलीच्या दाराला कंपनीनं नुसती कडी दिली होती. त्यानं दोन दिवसांत आतून आडवे तीन गज बसतील असे जाड पट्टीचे आकडे वेल्ड केले. ते बघून कॅप्टननं इंजिनरूमच्या स्कायलाइटलाही तसंच करायला लावलं. तुम्हाला वेल्डिंग येत असेल तर ते जहाजावर लपवू नका.

जहाजाची नोंद यूकेएमटीओकडं, म्हणजे या भागातल्या जहाजांची खबर ठेवणाऱ्या ब्रिटिश नौदलाच्या केंद्राकडं, झाली का, हे ऑफिसर बघतो. तरी विचारा. 'आपण नोंदलेलो आहोत ना, सर?' एवढं विचारल्यानं कुणी रागावत नाही.

पट्ट्यात असताना

पहाट आणि संध्याकाळ, या दोन वेळा जपा. जास्त लोक लुकआउटला, आणि तेही ताजे. चार तास उभा राहिलेला माणूस समुद्राकडं बघतो पण त्याला काही दिसत नाही. स्कीफ मागून येतात, जिथं रडारला जहाजाचा स्वतःचाच सांगाडा आड येतो, म्हणून एक जण फक्त मागं बघायला ठेवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत, आपल्याकडं पंचगंगा पात्राबाहेर पडायच्या बेतात असते तेव्हा, अरबी समुद्र एवढा खवळलेला असतो की लहान होडीला टिकता येत नाही. पावसाळा सरल्यावर जास्त सावध राहा.

प्रत्येक होडी चाच्यांची नसते. जाळं टाकलेला मच्छीमार मोठ्या जहाजाच्या वाटेत येतो तो आपलं जाळं वाचवायला. 15 फेब्रुवारी 2012 ला केरळच्या किनाऱ्याजवळ 'एनरिका लेक्सी' या इटलीच्या टँकरवरच्या सैनिकांनी दोन मच्छीमारांना चाचे समजून गोळ्या घातल्या. कोकणात आपली सोयरी-धायरी आहेत, त्यांच्यातला कुणीही त्या होडीत असू शकला असता. होडीत शिडी आहे का, जाळं आहे का, माणसं किती, इंजिन एक की दोन, हे दुर्बिणीतून मोजा आणि जे दिसतं तेच ब्रिजला, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीला, सांगा. आपला अंदाज त्यात मिसळू नका.

होडी खरंच अंगावर आली तर क्रम असा: अलार्म, पूर्ण वेग, एसएसएएसचं गुप्त बटण (गुपचूप धोक्याचा इशारा धाडणारं), यूकेएमटीओला फोन, व्हीएचएफ रेडिओवर हाक. मग ब्रिजवरचा माणूस सुकाणू थोडं थोडं दोन्हीकडं फिरवतो, त्यानं बाजूला लाटा उठतात आणि स्कीफ जहाजाला चिकटू शकत नाही. बाकी सगळे आत. रेलिंगशी उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्या एकाला मी एकदा बखोटीला धरून आत ओढलंय. गोळी आधी रेलिंगशी उभ्या असलेल्यालाच लागते.

सिटाडेल

ही जागा म्हणजे लपायची खोली नव्हे. नौदलाला जहाजावर उतरता यावं म्हणून ती असते. नौदल तीन गोष्टी विचारतं. शंभर टक्के लोक आत आहेत का? आतून बाहेर बोलता येणारं, ब्रिजवर अवलंबून नसलेलं साधन आहे का? आणि इंजिन चाच्यांना वापरता येणार नाही असं केलंय का? यातलं एकही 'नाही' असेल तर कमांडो उतरत नाहीत, कारण मग गोळीबारात आपलाच माणूस मधे सापडतो. म्हणून डोकी मोजायचं काम एकाच माणसाला द्या आणि सरावात ते दोनदा करून घ्या. पाणी, कोरडं खाणं, औषधं, बॅटऱ्या आणि शौचाची सोय. शौचाची सोय सगळे विसरतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कारणावरून भांडणं होतात.

हे सगळं जुळून आलं की काय होतं ते 5 जानेवारी 2024 ला दिसलं. 'लीला नॉरफोक' या जहाजावर सोमालियाजवळ हत्यारबंद लोक चढले. 21 जण सिटाडेलमध्ये गेले, त्यांतले 15 भारतीय. आयएनएस चेन्नई पोचली, मार्कोस कमांडो उतरले, आणि एकाही माणसाला ओरखडा न येता सगळे बाहेर आले. तोवर चाचे निघून गेले होते.

कमांडो दार उघडतात तेव्हा जमिनीवर पालथं पडायचं, दोन्ही हात रिकामे आणि दिसतील असे. टॉर्च नाही, फोनचा फ्लॅश नाही. 'जय हिंद' म्हणून मिठी मारायला धावायचं नाही. ते आपलेच असले तरी त्या क्षणी त्यांना तुम्ही कोण ते माहीत नसतं.

पकडलं गेलात तर

हात वर, नजर खाली, उलट बोलणं नाही. नंतर दिवस मोजत राहा, रोज अंघोळ, व्यायाम, मित्राशी दोन शब्द. हे कदाचित लांबतं. 'आइसबर्ग 1' जहाज मार्च 2010 ला नेलं आणि सुटलं डिसेंबर 2012 ला. 'ॲस्फाल्ट व्हेंचर'चं तर खंडणी देऊन झाल्यावरही सात भारतीय खलाशी अडकवून ठेवले, कारण आपल्या नौदलानं चाचे पकडून भारतात आणले होते. ते सात जण 2010 पासून 2014 पर्यंत तिथं होते. त्यांच्या बायकापोरांनी ते दिवस कसे काढले असतील हा विचार मला अजून झोपू देत नाही.

समुद्र बदलला की उपाय बदलतो

पश्चिम आफ्रिकेच्या गिनीच्या आखातात चाच्यांना जहाज नको असतं, माणसं हवी असतात. दहा-वीस मिनिटांत चार-सहा जण उचलून नदीच्या खाजणात घेऊन जातात. 2020 साली जगभरात 135 खलाशी पळवले गेले, त्यांतले 130 या एकाच आखातातून. तिथं सिटाडेलला आणखी महत्त्व आहे, कारण चाच्यांना जास्त वेळ थांबायचं नसतं.

लाल समुद्रात उलट. येमेनच्या हूथींनी 2023 च्या नोव्हेंबरपासून जे केलं ती चाचेगिरी नव्हे, ते एका बंडखोर सैन्याचं युद्ध आहे. 'गॅलेक्सी लीडर'वर ते हेलिकॉप्टरनं उतरले, बाकीच्यांवर क्षेपणास्त्रं आणि ड्रोन. तिथं काटेरी तारेचा उपयोग नाही, आणि पाण्याच्या पातळीखालचा सिटाडेल उलट जिवावर बेततो. जून 2024 मध्ये 'ट्यूटर' जहाजाच्या इंजिनरूमवर स्फोटकांनी भरलेली विनाचालक होडी आदळली. तिथं कामावर असलेला खलाशी परत आला नाही. लाल समुद्रात जमायची जागा पाण्याच्या वर, अॅकोमोडेशनच्या मधोमध, खिडक्यांपासून लांब असावी. कंपनी दोन्ही धोक्यांसाठी एकच ड्रिल घेत असेल तर हात वर करून विचारा.

युद्धनौका काय करते, आणि काय करू शकत नाही

हे कळलं नाही तर तुम्ही रेडिओशी बसून नुसती वाट बघत राहाल.

2009 मध्ये एडनच्या आखातात एक ठरावीक मार्ग आखला गेला. येणारी आणि जाणारी अशा दोन वाटा, प्रत्येकी पाच सागरी मैल रुंद, मधे दोन मैल मोकळे. जहाजांचे वेगाप्रमाणे गट केले. हळू जहाजं आधी सोडायची, वेगवान मागून, म्हणजे सगळ्यात वाईट टप्प्यात सगळी एकदम आणि युद्धनौकांच्या जवळ असतात. आमच्या शेजारी मराठा इन्फंट्रीतले निवृत्त सुभेदार राहतात, काश्मीर आणि मणिपूर केलेले. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग ही आमचीच आर.ओ.पी. की!" म्हणजे रोड ओपनिंग पार्टी: रोज पहाटे जवान रस्त्याच्या दोन्ही अंगाला पसरतात, पूल-मोऱ्या तपासतात, रस्ता 'उघडतात', काफिला जातो, संध्याकाळी रस्ता बंद. सगळा डोंगर ताब्यात ठेवता येत नाही म्हणून एक पट्टा काही तासांसाठी ताब्यात ठेवायचा. समुद्रावरही तेच चालतं.

पण पट्ट्याबाहेर गेलं की समुद्र अफाट आहे. चाचे पकडलेल्या गलबताची मदरशिप, म्हणजे स्कीफ सोडायचा तरंगता तळ, करून शेकडो मैल आत आले. मदरशिपवर ओलीस असतात, हीच सगळ्यात मोठी अडचण. नोव्हेंबर 2008 मध्ये आयएनएस तबरनं चालून आलेली एक मदरशिप बुडवली. तो थायलंडचा पळवलेला ट्रॉलर होता आणि त्याचे खलाशी वरच होते, हे नंतर उघड झालं. त्याच्या उलट मार्च 2024. 'रुएन' हे जहाज तीन महिने चाच्यांच्या ताब्यात होतं आणि ते मदरशिप म्हणून वापरत होते. आयएनएस कोलकातानं ते गाठलं, सी-17 विमानातून मार्कोस समुद्रात उतरवले, चाळीस तास घेतले, आणि 35 चाचे शरण आले, 17 खलाशी सुखरूप. भारताच्या किनाऱ्यापासून हे सगळं 2600 किलोमीटरवर. मधल्या पंधरा वर्षांत नौदल जे शिकलं त्यात माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट हीच: घाई न करणं.

पकडलेल्यांचं पुढं काय, हा प्रश्नही असतो. 1999 मध्ये 'अलोंड्रा रेनबो' पळवणारे 15 जण तटरक्षक दल आणि नौदलानं पकडले. मुंबईत शिक्षा झाली, आणि 2005 मध्ये उच्च न्यायालयातून ते सुटले, कारण आपल्याकडं चाचेगिरीचा कायदाच नव्हता. तो 2022 साली संसदेनं केला. 'रुएन'चे 35 जण त्याच कायद्याखाली मुंबईत आणले गेले.

जमिनीवरचं काम

सुभेदार आणि मी इथं कायम वाद घालतो, पण एका गोष्टीवर आमचं एकमत आहे. बंड असो की चाचेगिरी, मोड येतात ते जमिनीत. सोमालियात 1991 ला सरकार कोसळलं, किनारा बेवारस झाला, परदेशी ट्रॉलर मासे उपसायला लागले, आणि होडी चालवणाऱ्या हातांना बंदूक देणारे सावकार गावातच मिळाले. मलाक्काच्या सामुद्रधुनीत उलटं झालं. इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर यांनी 2004 पासून एकत्र गस्त सुरू केली. पण 2005 मध्ये आचे प्रांतातल्या बंडखोरांशी समझोता झाल्यावर त्या बाजूचा समुद्र खऱ्या अर्थानं निवला. सैन्याला सगळं करता येतं असं मानणाऱ्या पोरांना मी हे उदाहरण मुद्दाम देतो.

आणि आपलं कोल्हापूर? मालवणची जहाजं कोल्हापूर संस्थानची होती. इंग्रज त्यांना चाचे म्हणत. आपण त्यांना आरमार म्हणतो, आणि मी स्वतः आरमारच म्हणेन. मुंबईकर इंग्रजांनी 1765 ला सिंधुदुर्ग घेतला, परत दिला, तरी कुरबुर थांबली नाही. थांबली ती 1812 च्या तहानं, बंदरच हातून गेल्यावर. तोफांनी सत्तेचाळीस वर्षांत जे झालं नाही ते किनारा बदलल्यानं झालं. 1844 चं गडकऱ्यांचं बंडही घ्या. सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांच्या पिढीजात जमिनींना हात घातला, त्यांनी दरवाजे लावून घेतले. इंग्रजांनी गड घेतले, पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडला, पण तोवर आग सावंतवाडीपर्यंत पसरली होती. पन्हाळ्याला गेलात तर त्या मोडक्या दरवाज्यापाशी थांबून बघा.

निघायच्या आदल्या दिवशी

घरी एक कागद ठेवा. जहाजाचं नाव, आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक), कंपनीचा पत्ता, मुंबई ऑफिसचा फोन, एजंटाचा परवाना क्रमांक, कराराची झेरॉक्स. आईला लिहिता-वाचता येत नसेल तर शेजारच्या शिकलेल्या पोराला तो कागद दाखवून ठेवा. पट्ट्यात शिरायच्या तारखा घरी सांगा, पण फेसबुकवर टाकू नका. त्या पाच-सहा दिवसांत फोन येणार नाही, हे आधीच सांगितलेलं असलं की घरचे घाबरत नाहीत. आणि बाहेर पडलात की जेवायच्या आधी, अंघोळीच्या आधी, घरी कळवा: 'पट्टा ओलांडला.' गडहिंग्लजच्या त्या पोराचा हा मेसेज परवा रात्री पावणेदोनला आला. आईला आधी, मला नंतर.